आघातसजग मूल्यमापन

हिंसा, लैंगिक अत्याचार, विस्थापन किंवा नैसर्गिक आपत्ती यांतून गेलेल्या माणसांसाठी अनेक कार्यक्रम चालवले जातात. त्यांचे फलित तपासताना त्या तपासणीतूनच या माणसांना पुन्हा इजा होऊ नये, अशी दक्षता घेणारी ही मूल्यमापनपद्धती होय. लोकांनी काय सोसले याबरोबरच ते कशाच्या आधाराने सावरले, याचाही शोध ती घेते. महिला व बालकल्याण, मानसिक आरोग्य आणि पुनर्वसन या क्षेत्रांत ती विशेषत्वाने उपयोगी पडते.

बालपणीच्या आघातांचे दूरगामी परिणाम ठळकपणे पुढे आले ते १९९८ मध्ये. अमेरिकेत व्हिन्सेंट फेलिटी, रॉबर्ट अँडा आणि सहकाऱ्यांनी कैसर पर्मनेंटे या आरोग्यसंस्थेच्या सॅन डिएगो येथील हजारो सभासदांचा अभ्यास केला. लहानपणी झालेले अत्याचार, घरातील मारहाण किंवा व्यसन यांचा प्रौढपणीच्या हृदयविकाराशी, नैराश्याशी आणि व्यसनाधीनतेशी असलेला संबंध त्यातून दिसला. २००१ मध्ये मॅक्सीन हॅरिस आणि रॉजर फॅलट यांनी सेवाव्यवस्थाच आघाताचे भान ठेवून उभारण्याची मांडणी केली. अमेरिकी शासनाच्या ‘सॅमसा’ या संस्थेने २०१४ मध्ये तिला मार्गदर्शिकेचे रूप दिले. आघात किती सर्वदूर आहे हे जाणणे, त्याच्या खुणा ओळखणे, त्याप्रमाणे कामाची पद्धत बदलणे आणि पुन्हा आघात होऊ न देणे, या तिच्या चार अपेक्षा आहेत.

प्रत्यक्ष कामाची शिस्त मात्र स्त्रियांवरील हिंसेच्या सर्वेक्षणांतून घडली. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सुरक्षाविषयक शिफारशी आजही या विषयातील सर्वांत उपयुक्त वाचन ठरतात. एका घरातील एकाच स्त्रीची मुलाखत घ्यावी. सर्वेक्षणाला ‘हिंसेचे’ असे नाव न देता ‘स्त्रियांचे आरोग्य आणि जीवनानुभव’ असे काही नाव द्यावे. मुलाखतीच्या वेळी अगदी तान्ह्या मुलाखेरीज कोणी जवळ नसावे. बोलणे चालू असताना सासू दारात येऊन उभी राहिली, तर मुलाखत घेणारीने लगेच विषय बदलून पाळी, कुटुंबनियोजन अशा प्रश्नांकडे वळावे. त्यासाठी वेगळी प्रश्नावली हाताशी ठेवलेली असते. दहा देशांतील २४,००० हून अधिक स्त्रियांशी बोलून २००५ मध्ये अहवाल देणारा संघटनेचा अभ्यास याच शिस्तीने झाला. भारतातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे काम मुंबईत देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे आहे. त्याच्या २००५-०६ च्या तिसऱ्या फेरीपासून कौटुंबिक हिंसेचा सविस्तर विभाग आहे. तो घरातील एकाच स्त्रीला विचारला जातो आणि एकांत मिळाला नाही तर सोडून दिला जातो.

ही काळजी केवळ सौजन्यापोटी घ्यायची नसते. घाबरलेला माणूस प्रश्न संपवण्यापुरते उत्तर देतो आणि ज्याला आठवण सहन होत नाही तो पुढच्या फेरीला येतच नाही. सर्वांत जास्त दुखावलेले लोकच असे गळाले, की उरलेल्यांच्या आकड्यांवर कार्यक्रम आहे त्याहून चांगला दिसू लागतो. असुरक्षित मुलाखत आणि चुकीचा निष्कर्ष या दोन्हींचे मूळ एकच असते.

म्हणून प्रत्येक प्रश्नाला आधी एक कसोटी लावतात : या उत्तरावाचून निर्णय अडणार आहे का? आधारगृहाच्या मूल्यमापनात तिथल्या स्त्रीला अत्याचाराचा तपशील पुन्हा सांगायला लावण्याची गरज सहसा नसते. हवी ती माहिती बऱ्याचदा संस्थेच्या नोंदींत असते आणि तिच्या संमतीने ती तिथून घेता येते. त्याऐवजी रात्री झोप लागते का, मन मोकळे करायला कोणी आहे का, हातात थोडे पैसे असतात का, हे विचारावे. शब्दयोजनाही तपासावी लागते. ‘तुम्ही आरडाओरडा का केला नाही?’ या प्रश्नात दोषारोप आहे. ‘त्या वेळी तुम्हाला काय करणे शक्य होते?’ या प्रश्नात तो नाही. एखादा प्रश्न गाळण्याची, मध्येच थांबण्याची आणि दिलेली संमती मागे घेण्याची मुभा सुरुवातीलाच सांगायची असते. त्यामुळे सेवा बंद होणार नाही, हेही स्पष्ट सांगायला हवे.

निर्देशक निवडताना घाई नडते. गावात हिंसेविरुद्धचा कार्यक्रम सुरू झाल्यावर तक्रारी वाढल्या, तर त्याचा अर्थ हिंसा वाढली असा काढणे धोक्याचे असते. विश्वास बसल्यामुळेही बायका बोलू लागतात. मुंबई महानगरपालिका आणि ‘सेहत’ संस्थेने २०००-०१ मध्ये वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात हिंसा सोसणाऱ्या स्त्रियांसाठी ‘दिलासा’ केंद्र सुरू केले. अशा केंद्राचे यश ‘किती जणींनी नवऱ्याचे घर सोडले’ यावर मोजले, तर परत गेलेली प्रत्येक बाई अपयशाच्या रकान्यात पडते. रात्री-अपरात्री कुठे जायचे, कोणाला फोन करायचा, कागदपत्रे कुठे ठेवायची हे आता तिचे ठरलेले असेल, तर त्याची नोंद व्हायला हवी.

सावरण्याच्या क्षमतेचा अभ्यास फेलिटी-अँडा यांच्या अभ्यासाहून जुना आहे. हवाईतील काउआई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या मुलांचा एमी वर्नर यांनी दीर्घकाळ मागोवा घेतला. गरिबी आणि घरातील कलह यांमुळे धोक्यात असलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले सक्षम प्रौढ झाली. घरात किंवा घराबाहेर जीव लावणारे एखादे मोठे माणूस असणे, हा त्यांतील महत्त्वाचा आधार होता. कॅनडाचे मायकेल उंगर यांनी हा विचार पुढे नेला आणि मुलांसाठीच्या मापनश्रेणीत कुटुंब, शाळा व संस्कृती यांना जागा दिली. हा बदल फार मोलाचा आहे. सावरणे हा केवळ व्यक्तीचा गुण मानला, की न सावरलेल्या माणसावर दोष येतो आणि शासनाची जबाबदारी अलगद निसटते.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतरचे पुनर्वसन या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. लातूर-उस्मानाबादमधील बावन्न गावे पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली. घरे किती बांधली हे मोजणे सोपे होते. पण सरळ रेषेत आखलेल्या चौकोनी वसाहतींत जुनी गल्ली, भावकीचा शेजार, वाड्याचे अंगण हरवले. माणसे एकमेकांच्या आधाराने सावरतात ती याच जागी, आणि पूर्ण झालेल्या घरांच्या संख्येत त्याचा मागमूस लागत नाही.

भारतात कायद्याचेही बंधन आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार बालकावरील लैंगिक गुन्ह्याची माहिती मिळालेल्या कोणालाही ती पोलिसांना कळवावीच लागते. त्यामुळे मूल्यमापन करणाऱ्याने मुलाला ‘हे कोणालाही सांगणार नाही’ असा शब्द देता कामा नये. ही मर्यादा पहिल्या प्रश्नाआधीच त्याला समजेल अशा भाषेत सांगावी लागते. बालकाला वारंवार साक्षीला बोलावू नये आणि जबाब घेताना पोलिसांनी गणवेशात नसावे, अशाही तरतुदी त्या कायद्यात आहेत. मूल्यमापनातील मुलाखतींसाठी त्या चांगला नमुना ठरतात.

दिवसभर अशा कहाण्या ऐकणाऱ्या सर्वेक्षकांनाही त्यांचा त्रास होतो. काहींची झोप उडते, काही जण नकळत अवघड प्रश्न भरभर उरकू लागतात. त्यांपैकी काही स्वतः हिंसेतून गेलेले असतात. त्यांचे प्रशिक्षण, दिवसाच्या मुलाखतींवर मर्यादा, अनुभवी समुपदेशकासोबत नियमित बैठक आणि आठवणींचा त्रास झालेल्या उत्तरदात्यांना त्याच दिवशी मदतीशी जोडून देण्याची सोय, हा सगळा खर्च मूळ अंदाजपत्रकात स्वतंत्र धरावा लागतो.