महामार्गावरील वळणाचे गणित : त्रिज्या, उतार, घर्षण आणि वेग

नवी दिल्ली : महामार्गावरील प्रत्येक वळण विशिष्ट वेग गृहीत धरून आखलेले असते. वळणाची त्रिज्या, रस्त्याला दिलेला आडवा उतार, टायर व रस्ता यांतील घर्षण आणि वाहनाचा वेग या चार घटकांचा मेळ बसला, तरच वाहन सुरक्षितपणे वळते. यांपैकी त्रिज्या आणि उतार रस्ता बांधतानाच निश्चित होतात. घर्षण हे पाऊस, चिखल आणि टायरची झीज यांवर अवलंबून असते. वाहनचालकाच्या हाती राहतो तो प्रामुख्याने वेग.

देशातील रस्त्यांच्या आखणीचे निकष इंडियन रोड्स काँग्रेस अर्थात ‘आयआरसी’ ही संस्था ठरवते. मुकुंद रामराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये नेमलेल्या समितीच्या शिफारशींनुसार १९३४ मध्ये या संस्थेची स्थापना झाली. जयकर हे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. ग्रामीण भागातील महामार्गांच्या भौमितिक रचनेसाठी ‘आयआरसी ७३’, वळणांसाठी ‘आयआरसी ३८’ आणि डोंगरी रस्त्यांसाठी ‘आयआरसी ५२’ या संहिता प्रमाण मानल्या जातात.

मूळ सूत्र

वळणावर वाहन बाहेरच्या बाजूस फेकले जाऊ पाहते. हा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्रिज्या वाढली की कमी होतो. त्याचे वाहनाच्या वजनाशी असलेले प्रमाण काढण्यासाठी ताशी किलोमीटरमधील वेगाच्या वर्गाला १२७ आणि मीटरमधील त्रिज्या यांच्या गुणाकाराने भागतात. येणारी संख्या रस्त्याचा उतार आणि घर्षण या दोहोंनी मिळून पेलायची असते. आखणी करताना घर्षणाचा वाटा ०.१५ पेक्षा अधिक धरला जात नाही.

उतारासाठी वळणाची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा उंच ठेवली जाते. या रचनेला ‘सुपरएलिव्हेशन’ म्हणतात. मात्र, हा उतार हवा तेवढा वाढवता येत नाही. भारतीय रस्त्यांवर वेगवान मोटारींबरोबरच उसाने भरलेले ट्रॅक्टर, बैलगाड्या आणि चाऱ्याचे उंच ट्रकही संथ गतीने जात असतात. उतार तीव्र असेल, तर अशी वाहने आतल्या बाजूस कलंडण्याचा धोका असतो. त्यामुळे सपाट प्रदेशात आणि हिमवृष्टीच्या डोंगराळ भागात ही मर्यादा ७ टक्के, तर हिमवृष्टी न होणाऱ्या डोंगराळ भागात १० टक्के ठेवण्यात आली आहे. याच संमिश्र वाहतुकीमुळे उताराचे गणित आरंभी आखणीच्या वेगाच्या ७५ टक्के वेग धरून मांडले जाते. नंतर पूर्ण वेगाला घर्षण पुरेसे आहे का, हे तपासले जाते.

वीस किलोमीटरचा फरक

ताशी ८० किलोमीटर वेगासाठी सपाट प्रदेशात वळणाची त्रिज्या किमान २३० मीटर लागते. ताशी १०० किलोमीटरसाठी ती ३६० मीटर होते. २३० मीटर त्रिज्येच्या वळणावर ७ टक्के उतार असेल, तर ताशी ८० किलोमीटर वेगाला घर्षणाची गरज सुमारे ०.१५, म्हणजे मर्यादेतच राहते. त्याच वळणावर ताशी १०० किलोमीटर वेगाने शिरणाऱ्या वाहनाला मात्र सुमारे ०.२७ इतके घर्षण लागते. वेग एक चतुर्थांशाने वाढला, तरी टायरवरील मागणी जवळपास पावणेदोन पटींहून अधिक होते. कोरड्या रस्त्यावर ती एखादे वेळी भागते; ओल्या रस्त्यावर झिजलेले टायर तेथे निसटू शकतात. उंच माल लादलेला ट्रक तर घसरण्याआधीच उलटू शकतो.

सरळ रस्त्यावरून थेट गोलाकार वळणात शिरल्यास हा रेटा एकाएकी जाणवतो. तो टाळण्यासाठी दोहोंच्या मध्ये हळूहळू घट्ट होत जाणारा ‘संक्रमण वक्र’ योजतात. आडवा उतारही याच लांबीत क्रमाक्रमाने वाढवला जातो. ताशी १०० किलोमीटर वेग आणि ३६० मीटर त्रिज्या असल्यास या वक्राची लांबी सुमारे १२० मीटर येते.

वळताना मागची चाके पुढच्या चाकांच्या मार्गापेक्षा आतून जातात. त्यामुळे ३०० मीटरपर्यंत त्रिज्येच्या वळणांवर दुपदरी रस्ता अधिक रुंद केला जातो. १०१ ते ३०० मीटर त्रिज्येसाठी ही वाढ ०.६ मीटर, तर ४० मीटरपर्यंतच्या त्रिज्येसाठी १.५ मीटर असते.

दृष्टीआडचा धोका

समोरचा अडथळा दिसून वाहन थांबेपर्यंत लागणारे अंतर ताशी ८० किलोमीटर वेगाला १२० मीटर धरले जाते. २३० मीटर त्रिज्येच्या वळणावर एवढे दिसायचे, तर आतल्या मार्गिकेच्या मध्यापासून सुमारे ८ मीटरपर्यंतची जागा मोकळी हवी. या पट्ट्यात टपरी, फलक किंवा झुडपे उभी राहिली, की नियमानुसार बांधलेले वळणही आंधळे होते.

घाटात जागेअभावी त्रिज्या वाढवणे शक्य नसते. तेथील हेअरपिन वळणांसाठी आतील कडेची त्रिज्या किमान १४ मीटर आणि आखणीचा वेग ताशी अवघा २० किलोमीटर धरला जातो. मनाली–लेह मार्गावरील २१ गाटा लूप्स किंवा तामिळनाडूतील कोल्ली डोंगरावरील ७० हेअरपिन वळणे ही अशा मार्गांची परिचित उदाहरणे आहेत.

वळणाची सुरक्षितता बांधकामाबरोबर संपत नाही. फेरडांबरीकरण करताना मूळ उतार राखला नाही, पाण्याचा निचरा तुंबला किंवा आतल्या बाजूस अतिक्रमण झाले, तर कागदावरील गणित प्रत्यक्षात चुकते. तेव्हा फलकावर लिहिलेला वेगही त्या वळणासाठी जास्त ठरू शकतो. म्हणूनच रस्ता राखणाऱ्या यंत्रणेने उतार आणि दृष्टिपथ वेळोवेळी तपासणे, तसेच चालकाने वळणात शिरण्यापूर्वीच वेग कमी करणे, या दोन्ही गोष्टी आवश्यक ठरतात.