१९३१ नमुन्याचे पोलिश शिरस्त्राण

१९३१ नमुन्याचे शिरस्त्राण हे दोन महायुद्धांच्या दरम्यान पोलंडमध्ये विकसित झालेले लष्करी पोलादी शिरस्त्राण होय. पायदळात फ्रेंच 'आद्रियां' शिरस्त्राणाची जागा त्याने घेतली. किएल्त्से व रिब्निक येथील कारखान्यांत त्याचे उत्पादन होत असे.

रचना
बाह्य पृष्ठभागास 'सालामांद्रा' नावाचा खडबडीत रंग दिला जाई. बुचाच्या भुग्यामुळे त्यावरून प्रकाश चमकत नसे. आतील अस्तरास चामड्याच्या तीन गाद्या असत.

संग्रहमूल्य
१९३९ मधील पराभवानंतर अनेक शिरस्त्राणे जर्मनांच्या हाती पडली व त्यांपैकी काही पुन्हा रंगवून वापरली गेली. त्यामुळे मूळ रंग, अस्तर व हनुवटीचा पट्टा शाबूत असलेले नमुने दुर्मीळ ठरतात. अस्सलपणा पडताळण्यासाठी कारखान्याचा ठसा, रिव्हेट आणि रंगाचे थर तपासले जातात. नंतरचा रंग खरवडून काढल्यास त्या वस्तूच्या पुढील वापराचा पुरावाच नष्ट होतो. म्हणून जाणकार संग्राहक तो तसाच राखतात. रणभूमीवर सापडलेले शिरस्त्राण जागेची नोंद न करता उचलल्यास त्याहून मोठी हानी संभवते : जवळच पुरलेल्या बेपत्ता सैनिकाची ओळख पटविणारा दुवा कायमचा हरवू शकतो.