'प्रेत' : गेलेला आणि उरलेले

मराठीत 'प्रेत' म्हणजे मृत शरीर. शब्दाची घटना मात्र वेगळे सांगते. 'प्र' हा उपसर्ग आणि 'इ' (जाणे) या धातूचे 'इत' हे रूप यांपासून तो सिद्ध होतो. प्रेत म्हणजे पुढे निघून गेलेला. संस्कृतात या शब्दाचा देहवाचक प्रयोगही आढळतो. परंतु श्राद्धकल्पनेत प्रेत म्हणजे देह सुटलेला, पण पितरांत अद्याप न मिळालेला जीव. दहा दिवसांच्या पिंडांनी त्याला नवा देह लाभतो आणि सपिंडीकरणाने त्याचे प्रेतत्व संपते, अशी ही धारणा आहे. हिंदीत हा शब्द मुख्यतः भूतयोनीचा वाचक झाला. मराठीने मागे राहिलेल्या देहालाच ते नाव दिले. पुल्लिंगी 'गेलेला' येथे नपुंसकलिंगी 'उरलेले' झाला. जुना अर्थ 'भूतप्रेत' या जोडशब्दात टिकून आहे.

'मढे' हा शब्द 'मृत'पासून प्राकृतातून आला; 'मुडदा' फारसी 'मुर्दा'वरून आला, आणि तोही 'मृत'चाच इराणी सगोत्र. हे दोन्ही शब्द मरण घडल्याचे सांगतात; 'प्रेत' मरणाला प्रस्थान मानतो. म्हणून गरुडपुराणातील प्रेतकल्प वाचताना मराठी अर्थ गृहीत धरल्यास ग्रंथाचा विषयच बदलतो. हीच तफावत विधीतही जाणवते. दहाव्या दिवशी पुरोहित संस्कृतातून 'प्रेता'ला उद्देशून पिंड देववितो, तेव्हा मराठी 'प्रेत' केव्हाच भस्म झालेले असते. ज्याच्यासाठी विधी चालला आहे, तो अजून वाटेत असतो.