एक फोनलाइन, एक खेळाडू: बीबीएसवरचे गेम आणि आपला एसटीडी कोड

आजचा एपिसोड ऑनलाइन गेमिंगवर आहे. पण या गेममध्ये चित्रं नाहीत, आवाज नाही आणि एका वेळी खेळणारा माणूस एकच. तरीही तो मल्टिप्लेअर! तो बंद पडला की दुरुस्त कसा करायचे, हे आधी बघू. मग बघू की बारामती-इंदापूरच्या पोराला ती दुरुस्ती केवढ्याला पडली असती.

आधी बेसिक. घरोघरी इंटरनेट यायच्या आधी बुलेटिन बोर्ड सिस्टिम, म्हणजे बीबीएस, हा प्रकार होता. कुणाच्या तरी घरी एक कॉम्प्युटर, त्याला मोडेम आणि मोडेमला फोनलाइन. तुम्ही तुमच्या मोडेमवरून त्या नंबरला फोन लावायचा. पलीकडचा मोडेम फोन उचलणार, दोघं जरा वेळ किंचाळणार आणि तुमच्या स्क्रीनवर मेनू येणार: मेसेज, फाइल्स, गेम्स. पहिला बीबीएस शिकागोत वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस यांनी फेब्रुवारी १९७८ मध्ये सुरू केला. १९८४ मध्ये टॉम जेनिंग्जने फिडोनेट काढलं आणि बीबीएस एकमेकांना फोन करून मेसेजची देवाणघेवाण करू लागले. आपल्याकडे मुंबईत सुचित नंदा यांचा लाइव्ह वायर आणि बेंगळुरूत अतुल चिटणीस यांचा सीआयएक्स ही त्या काळातली गाजलेली नावं.

आता लाइन एकच म्हटल्यावर मल्टिप्लेअर कसं जमायचं? पाळीपाळीने. सेथ रॉबिन्सनने १९८९ मध्ये लिहिलेला 'लेजंड ऑफ द रेड ड्रॅगन' घ्या. तुम्ही लॉगिन करायचं, जंगलात ठरावीक लढाया लढायच्या, गावातल्या बाकीच्या खेळाडूंवर हल्ला करायचा आणि फोन ठेवायचा. तुम्ही गेल्यावर दुसरा येणार आणि तुम्ही झोपेत असताना तुम्हालाच मारून जाणार. दिवसाच्या लढाया संपल्या की विषय संपला, उद्या या. आजच्या मोबाइल गेममध्ये 'एनर्जी संपली, थांबा किंवा पैसे भरा' असं येतं ना? मर्यादा तीच. फक्त तेव्हा ती लाइन दुसऱ्यासाठी मोकळी व्हावी म्हणून होती.

आता मुद्द्याचं: गेम चालला नाही तर? मी बॅकएंडवर काम करतो. आमच्याकडे काही बिघडलं की डॅशबोर्ड उघडतो. तेव्हा डॅशबोर्ड म्हणजे तुमचे कान आणि स्क्रीनवरचा कचरा. दोष कुठे आहे ते लक्षणांवरून ओळखायचं. क्रम साधारण असा.

पहिलं, मोडेम जिवंत आहे का? कीबोर्डवर 'एटी' टाइप करायचं. 'ओके' आलं तर जिवंत. काहीच आलं नाही तर पोर्ट चुकीचा. यातला क्लासिक घोळ म्हणजे माउस कॉम १ वर आणि मोडेम कॉम ३ वर. दोघांची इंटरप्ट लाइन एकच, नंबर ४. माउस हलवला की कनेक्शन गार!

दुसरं, नंबर लागतोय का? बाहेरून आणलेल्या मोडेमला तिकडच्या डायल टोनची सवय. आपला टोन वेगळा, त्यामुळे तो 'नो डायलटोन' म्हणून बसून राहायचा. उपाय म्हणजे 'एटीएक्स३', म्हणजे बाबा रे, टोनची वाट बघू नकोस, सरळ फिरव. जुन्या एक्स्चेंजला बटणाच्या फोनचे सूर कळायचे नाहीत, तिथे 'एटीडीटी' ऐवजी 'एटीडीपी' द्यायचं. मग मोडेम जुन्या चकतीच्या फोनसारखा टकटक करत नंबर फिरवायचा.

तिसरं, लाइन. पावसात केबलच्या जॉइंटमध्ये पाणी गेलं की खरखर सुरू. माणसाला खरखरीतूनही बोलणं कळतं, मोडेमला ती खरखर अक्षरं वाटते. मेनूमध्ये मध्येच कंस आणि टिंबं उगवायची. आणि गेमला वाटायचं, ही तुम्हीच दाबलेली बटणं आहेत! पळून जायचं ठरवलेला तुमचा योद्धा लढायलाच उभा राहायचा. यावर इलाज एरर करेक्शनचा, म्हणजे एमएनपी किंवा १९८८ चं व्ही.४२. पण दोन्हीकडचे मोडेम ते जाणणारे हवेत. लाइन क्षणभर तुटून फोन कटत असेल तर एस१० या रजिस्टरमधला आकडा वाढवायचा, म्हणजे मोडेम जरा धीर धरायचा.

चौथं, टर्मिनल. रंगीत मेनूऐवजी '[०;३२एम' असली अक्षरं दिसली तर लाइन बरोबर आहे, तुमचं सॉफ्टवेअर एएनएसआय मोडमध्ये नाही.

पाचवं, खुद्द गेम. बीबीएसवरच्या गेमला 'डोअर' म्हणायचे, कारण बीबीएसचं सॉफ्टवेअर तुम्हाला एका वेगळ्या प्रोग्रामच्या दारात नेऊन सोडायचं. जाताना एक छोटी फाइल लिहून ठेवायचं: हा कोण, कुठल्या पोर्टवर आहे, किती मिनिटं उरली. त्यात पोर्टचा घोळ झाला की गेम चालू व्हायचा बीबीएस चालवणाऱ्याच्या स्क्रीनवर आणि फोन करणारा अंधारात. हे तुम्हाला घरून दुरुस्त करता येत नाही. त्या सिसॉपला मेसेज टाकायचा आणि वाट बघायची.

आता हा क्रम परत बघा. पहिली पायरी फुकट, कारण 'एटी-ओके' तुमच्याच टेबलावर घडतं. पलीकडचा मोडेम फोन उचलतो तिथून पुढे मात्र प्रत्येक प्रयत्नाला मीटर पडतो. आणि इथे आपला भाग चित्रात येतो.

बारामतीचा एसटीडी कोड ०२११२, इंदापूरचा ०२१११. शेजारशेजारचे तालुके, तरी कोड वेगळे. पुणे ०२०, मुंबई ०२२. एसटीडीचा मीटर अंतरावर चालायचा: जितकं लांब तितका पल्स छोटा, तितकं बिल मोठं. दादरच्या पोराने लाइव्ह वायरला फोन लावला तर लोकल कॉल. समजा, १९९३ साली भवानीनगरच्या पोराने तोच नंबर फिरवला असता, तर तोच गेम, तोच मोडेम, पण एसटीडी. कनेक्ट झाला, खरखर आली, कट झाला, तरी पल्स पडलाच. सेटिंग बदलून परत फिरवलं, परत पल्स. म्हणून रात्री अकरानंतरचा पाव दर गाठायचा, आणि तेव्हा लाइन एंगेज, कारण बाकीचेही त्याच वेळेची वाट बघत बसलेले.

माझं म्हणणं एवढंच आहे. दुरुस्ती शिकायची तर दहादा चुकावं लागतं. दादरमध्ये दहा चुका म्हणजे दहा लोकल कॉल, इंदापुरात दहा चुका म्हणजे घरात भांडण. 'शहरातल्या पोरांना टेक्निकल डोकं जास्त' असं आपण अजूनही ऐकतो. त्या डोक्याला सरावाचं बिल किती आलं, हे कुणी विचारत नाही.

आणि पैशाचा मार बीबीएस चालवणाऱ्यांवरही होताच. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर दूरसंचार खात्याने बीबीएसकडे वर्षाला लाखो रुपयांची परवाना फी मागितली. बहुतेक बीबीएस हौसेने, घरच्या लाइनवर चाललेले. त्यांनी विरोध केला. पण तोवर १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं होतं, आधी मोठ्या शहरांत. बीबीएसची गर्दी हळूहळू तिकडे सरकली.

आपल्याकडे खरा फरक पडला तो संचारनेटच्या १७२२२२ या नंबराने. तो लोकल कॉलच्या हिशोबात लागायचा. वेग यथातथाच, पण अंतराचा मीटर गेला. आता कट झालं तर परत लावायला हात कचरत नव्हता. मग सायबर कॅफे आले, २०१६ ला जिओ आलं आणि उसाच्या बांधावर बसून पिंग बघायची सोय झाली.

तेव्हा पुढच्या वेळी गेम अडकला की लगेच 'सर्व्हर बेकार आहे' म्हणू नका. जुनाच क्रम लावा: आधी आपला फोन, मग वायफाय, मग नेटवर्क, मग गेम, आणि सगळ्यात शेवटी सर्व्हर. कितीही वेळा करून बघा, पल्स पडत नाही.

आणि हो, घरात कुणाचा जुना मोडेम किंवा नव्वदच्या दशकातलं टेलिफोन बिल जपून ठेवलेलं असेल तर फोटो नक्की पाठवा. बिलावरचा नंबर तेवढा झाकून. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!