आमच्या वेळचे बोलपट

आवडता बोलपट कोणता, हा प्रश्न तीन-चार पिढ्या एकत्र जमलेल्या घरात कोणी विचारू नये. जमिनीच्या हिश्शावरून तंटा झाला तर निदान तलाठ्याकडे जाता येते; या तंट्याला तलाठी नाही. आमच्या हातखंब्याच्या घरी गणपतीत चाकरमानी आले, आरत्या आटोपल्या आणि ओटीवर चहाचे कप फिरू लागले, की हा वाद हटकून निघतो. नव्वदी ओलांडलेली थोरली काकू ‘संत तुकाराम’वरून तसूभर हलत नाही. काकांच्या मते ‘सांगत्ये ऐका’नंतर मराठीत सिनेमा म्हणून काही निघालेच नाही. मुंबईचा चुलतभाऊ ‘अशी ही बनवाबनवी’चे प्रवेशच्या प्रवेश तोंडपाठ म्हणून दाखवतो आणि त्याची मुलगी ‘सैराट’चे नाव घेऊन सगळ्यांना एकदमच निकालात काढते. प्रत्येकाचा आवाज असा की, जणू आपला सिनेमा खाली पडला तर आपले सगळे तरुणपणच खाली पडणार आहे.

आणि खरे सांगायचे तर मामला तोच असतो. मॉरिस होल्ब्रुक आणि रॉबर्ट शिंडलर या दोघा अमेरिकन अभ्यासकांनी १९८९ साली निरनिराळ्या वयांच्या माणसांना निरनिराळ्या काळांतली लोकप्रिय गाणी ऐकवून त्यांची आवड तपासली. माणसाला सर्वांत प्रिय ठरली ती त्याच्या साधारण साडेतेविसाव्या वर्षाच्या सुमारास गाजलेली गाणी. आमच्या ओटीवर हा हिशेब मी मांडून पाहिला. काका बरोबर त्यात बसले, काकू बसली नाही. तिचे माहेर कोल्हापूरकडचे. तिने ‘संत तुकाराम’ पाहिला तो सात-आठ वर्षांची असताना, जत्रेतल्या तंबूत, बापाच्या मांडीवर बसून. बोलपट १९३६ चा, तिने पाहिला पुष्कळ पुढे. पण रसिकतेच्या पंचांगात बोलपटाचे जन्मवर्ष धरीत नाहीत; आपण तो कोणत्या वयात आणि कोणाच्या मांडीवर पाहिला, ते धरतात.

हातखंबा हे गाव मोठे नव्हे, पण ते तिठ्यावर वसलेले आहे, आणि मराठी सिनेमाचा इतिहास सांगायला हा तिठा मला फार सोयीचा वाटतो. एक वाट मुंबईची. तिकडे गिरगावातल्या कॉरोनेशन चित्रगृहात ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. दुसरी वाट पालीवरून, आंबा घाट चढून कोल्हापूरला जाते. तिकडे १९२९ साली ‘प्रभात’ कंपनी निघाली, १९३२ साली तिने ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट काढला आणि १९३३ साली ती पुण्याला गेली. तिसरी वाट रत्नागिरीची, बारा-तेरा किलोमीटरांची. सिनेमा पाहायला जायचे ते या तिसऱ्या वाटेने. शेवटची एस. टी. चुकली तर परतीचा प्रवास पायी. आमचे काका ‘सांगत्ये ऐका’ची गोष्ट सांगतात तेव्हा निम्मी गोष्ट या परतीच्या वाटेचीच असते: चांदणे, गडग्याआडून भुंकणारी कुत्री, कोणाच्या तरी चपलेचा तुटलेला अंगठा. अनंत मान्यांनी दिग्दर्शन केलेल्या त्या १९५९ च्या चित्रपटात चपलेचा अंगठा कुठेही नाही. पण काकांच्या ‘सांगत्ये ऐका’तून तो काढला तर त्या बोलपटाला भोक पडेल.

हा चित्रपट पुण्याच्या विजयानंद चित्रगृहात शंभराहून अधिक आठवडे चालला. म्हणजे काकांसारखे वेडे पुष्कळ होते. त्यात काम करणाऱ्या हंसा वाडकरांनी पुढे आपले आत्मचरित्र सांगितले, तेही ‘सांगत्ये ऐका’ याच नावाने. ते वाचले की त्या सुवर्णकाळाची मागची बाजू दिसते. पडद्यावर हसणाऱ्या बाईच्या वाट्याला घरात आणि घराबाहेर काय काय आले, ते कळते. त्याच पुस्तकाच्या आधाराने श्याम बेनेगल यांनी १९७७ साली ‘भूमिका’ काढला. काकांनी पुस्तक वाचलेले नाही. मी दोनदा नेऊन दिले, दोन्ही वेळा ते फडताळात गेले. मला त्यांचा राग येत नाही. ज्या चांदण्यातून आपण तेरा किलोमीटर चालत आलो, त्या चांदण्याची चौकशी कोणी कशाला करील?

मात्र एका बाबतीत जुन्यांशी माझे बिलकूल जमत नाही. “आमच्या वेळचे सिनेमे सोज्ज्वळ होते, असले काही नव्हते,” हे वाक्य ऐकले की मला राहवत नाही. १९३७ सालच्या ‘कुंकू’त शांता आपट्यांची नायिका जरठ नवऱ्याशी लावून दिलेले लग्न मानायचे साफ नाकारते, ना. ह. आपट्यांच्या कादंबरीवरून शांतारामबापूंनी तो काढला. १९३९ च्या ‘माणूस’मध्ये एक पोलीस शिपाई आणि एक वेश्या यांची कथा आहे. आणि आचार्य अत्र्यांनी लिहिलेल्या, मास्टर विनायकांच्या १९३८ च्या ‘ब्रह्मचारी’त मीनाक्षीबाई पोहण्याच्या वेषात पडद्यावर आल्या तेव्हा केवढा गहजब झाला होता! ‘सैराट’मधील आर्ची बुलेट चालवते म्हणून ज्यांना घाम फुटतो, त्यांच्या आजोबांना असाच घाम फुटलेला होता. सोज्ज्वळ होते ते आपले वय. शिवाय त्या काळचे रद्दी बोलपट आपण केव्हाच विसरून गेलो आहोत. उरलेल्या दहा-पंधरांवरून सगळ्या काळाची किंमत करणे म्हणजे लग्नातल्या फोटोवरून सगळा संसार ओळखण्यासारखे आहे.

गतकाळाच्या या ओढीला आपण मराठीत स्मरणरंजन म्हणतो. शब्द गोड आहे, पण मूळ कल्पना इतकी गोड नव्हती. योहानेस होफर नावाच्या स्विस वैद्यकाने १६८८ साली या ओढीला ‘नॉस्टॅल्जिया’ हे नाव दिले तेव्हा त्याला तो आजार वाटला होता. परमुलखात चाकरीला गेलेली माणसे आपल्या डोंगरांच्या आठवणीने झुरत, अन्न टाकत. त्या दुखण्याचे हे नाव. रत्नागिरी जिल्ह्याला हे नवे नाही. मुंबईच्या गिरण्यांना एके काळी सर्वांत अधिक माणसे याच जिल्ह्याने पुरवली. एका खोलीत दहा-पंधरा जण पाळीपाळीने निजत आणि मनीऑर्डरीच्या कुपनावर आईला चार ओळी लिहीत.

अशा माणसांपुढे १९५३ साली ‘श्यामची आई’ आला. साने गुरुजी पालगडचे, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातले. नाशिकच्या तुरुंगात असताना १९३३ साली त्यांनी ते पुस्तक लिहिले. म्हणजे घरापासून तोडलेल्या माणसानेच आपली आई आठवली होती. अत्र्यांनी त्याचा बोलपट केला, वनमालाबाई आई झाल्या आणि राष्ट्रीय पारितोषिकांच्या पहिल्याच वर्षी, १९५४ मध्ये, राष्ट्रपतींचे सुवर्णपदक त्याला मिळाले. लोक त्या बोलपटाला रडले, ते केवळ श्यामच्या आईसाठी रडले असे मला वाटत नाही. माझे चुलत आजोबा परळला गिरणीत होते. त्यांनी तो तीनदा पाहिला आणि तिसऱ्या खेळानंतर रजा टाकून थेट हातखंब्याला आले. त्यांची आई तेव्हा जिवंत होती. घरात अजूनही सांगतात, की ती म्हणाली, “सणवार नाही, काही नाही, आलास कशाला? नोकरी गेली काय?”

पुढे २०२३ साली ‘श्यामची आई’ पुन्हा निघाला, सुजय डहाके यांनी केला. हाताशी सगळे रंग असताना त्यांनी तो कृष्णधवल ठेवला. ही गोष्ट मला विचार करण्यासारखी वाटते. शंभर वर्षांपूर्वीच्या कोकणातले आंबे हिरवेच होते आणि मातीही तांबडीच होती. पण आपली त्या काळाची आठवण मात्र करड्या रंगाची, कारण ती आठवण आपल्याला बोलपटांनी दिलेली आहे.

आठवण कशी फसवते याचे याहून नामी उदाहरण काकूच्या लाडक्या ‘संत तुकाराम’चे. त्यात शांताराम आठवले यांनी एक पद लिहिले, अभंगाच्या थाटात. ते इतके साधले की भल्याभल्यांना ते तुकोबांचेच वाटले, गाथेत ते शोधणारेही निघाले. विष्णुपंत पागनीस हे मूळचे रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे नट. पण त्या बोलपटानंतर महाराष्ट्राने तुकोबांना त्यांचा चेहरा देऊन टाकला. आमच्या देव्हाऱ्याशेजारच्या तसबिरीतले तुकोबा पाहा, पागनीसच आहेत.

तरीही या वादात मी काकूच्या बाजूने बसतो, आणि का बसतो ते सांगितले पाहिजे. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात या बोलपटाचा गौरव झाला. तिथल्या प्रेक्षकांना देहू ठाऊक नव्हते, त्यांनी आजीच्या तोंडून अभंग ऐकला नव्हता, जत्रेतला तंबू पाहिला नव्हता. ज्यांच्यापाशी आठवणींचे भांडवल मुळीच नाही, अशा लोकांनाही जो पटतो, तो बोलपट स्वतःच्या पायावर उभा आहे. मला त्यात गौरीबाईंची जिजाई सर्वांत आवडते. ती देवाला शिव्या घालते, म्हशीची काळजी करते, पोरांच्या पोटाचा विचार करते. नवऱ्याच्या भक्तीखाली भरडलेली ती बाई दामले-फत्तेलालांनी तुकोबांइतकीच मोठी ठेवली. तीच परीक्षा लावली तर ‘सैराट’ही उतरतो, असे मी एकदा म्हणालो. तेव्हापासून काकू मला चहा देताना साखर बेताची घालते.

‘बनवाबनवी’चे प्रकरण निराळे. १९८८ चा हा बोलपट. पण तो तोंडपाठ असणाऱ्यांत तो निघाल्यानंतर जन्मलेलीच मुले अधिक दिसतात. त्यांनी तो चित्रगृहात पाहिलेला नाही, घरच्या दूरदर्शन संचावर शंभर वेळा पाहिला, तोही अर्ध्यातून. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले, पुढे कोकणातल्या कौलांवर अँटेनाच्या काठ्या उभ्या राहिल्या आणि सगळे जुने बोलपट एका रात्रीत नव्या पोरांचे झाले. मी स्वतः ‘जगाच्या पाठीवर’ हा १९६० चा बोलपट शनिवारी संध्याकाळी शेजारच्या घरी, तीस माणसांच्या दाटीत पाहिला. माझ्यापुरता तो त्या शनिवारचाच आहे.

या सगळ्या भाबडेपणाला मी हसतो खरा, पण पूर्ण हसवत नाही. भारतात हजाराहून अधिक मूकपट निघाले. त्यांतले हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच धड उरले. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले तोवर पुष्कळ फिल्म चांदीसाठी वितळवली गेली होती किंवा डब्यातच कुजली होती. जुनी नायट्रेट फिल्म ठिणगीची वाट पाहत असते. २००३ साली पुण्यातच तिच्या साठ्याला आग लागली आणि कित्येक जुन्या चित्रपटांच्या मूळ प्रती गेल्या. जे जपले गेले ते बहुतेक कोणा तरी वेड्या माणसाने “हा माझा” म्हणून घट्ट धरून ठेवले म्हणून.

कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी १९२५ साली ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. कर्जापायी जमीन घालवून शहराकडे जाणाऱ्या शेतकऱ्याची ती गोष्ट, आणि त्या शेतकऱ्याच्या भूमिकेत तरुण शांताराम. जाणत्यांनी त्याला फार वरचे स्थान दिले आहे. त्याची फिल्म आज उपलब्ध नाही. तो पाहिलेले माणूसही आता कोणी उरले नसावे. आमच्या ओटीवर त्याच्या बाजूने भांडायला कोणी नसते.