स्मृतिपट्ट्यांची जोडी कशासाठी?

संगणकाची स्मृती वाढवायची म्हटले, की विक्रेता बहुधा सांगतो, "पट्ट्या एकाच आकाराच्या आणि जोडीनेच घ्या." कारण विचारले तर उत्तर मिळेलच असे नाही. (आकार म्हणजे येथे लांबीरुंदी नव्हे, पट्टीत किती माहिती मावते ते.) या नियमाचे मूळ शोधायचे तर आपल्याला १९८१ सालापर्यंत मागे जावे लागते.

त्या वर्षी आलेल्या आयबीएम पीसीमध्ये पट्ट्या नव्हत्याच. मुख्य फलकावर स्मृतीच्या चिपा नऊ-नऊच्या रांगांत बसवलेल्या असत. आठ चिपा मिळून एक बाइट सांभाळीत, प्रत्येकीकडे एक बिट. नववी चूक ओळखण्यासाठी. रांग अर्धवट भरून चालत नसे. किती स्मृती बसवली आहे, हेही फलकावरचे चिमुकले स्विच सरकवून आपणच संगणकाला सांगायचे.

सुट्या चिपा बसवताना त्यांचे पाय सहज वाकत. १९८३ च्या सुमारास अमेरिकेतील वँग लॅबोरेटरीजने या नऊ चिपा एका छोट्या पट्टीवर आणल्या. हीच 'सिम' (मोबाइलच्या सिमकार्डाशी तिचे नाते नाही). ३० पिनांच्या सिममधून एका वेळी माहितीचे ८ बिट मिळत. १९८९ मध्ये आलेल्या ४८६ प्रक्रियकाचा स्मृतीकडे जाणारा रस्ता मात्र ३२ बिट रुंद होता. म्हणून अशा चार पट्ट्यांचा एक गट करावा लागे.

चार भोयांनी पालखी उचलावी, तसे हे काम. समजा, गटातल्या तीन पट्ट्या ४ मेगाबाइटच्या आणि चौथी १ मेगाबाइटची आहे. पहिल्या सुमारे दहा लाख पत्त्यांपर्यंत चौघींचा खांदा लागतो. त्यापुढच्या प्रत्येक पत्त्यावर ३२ पैकी ८ बिटांना जागाच उरत नाही. उलट, एका गटात १ मेगाबाइटच्या चार आणि दुसऱ्या गटात ४ मेगाबाइटच्या चार पट्ट्या अनेक फलकांवर सुखाने नांदत. एकूण २० मेगाबाइट. म्हणजे निरनिराळे आकार मुळात निषिद्ध नव्हते. एकाच शब्दाचे तुकडे वाटून घेणाऱ्या पट्ट्या तेवढ्या समान हव्या होत्या. तोंडी सांगण्यात नेमका हाच भेद गळून गेला असावा, असे आम्हांला वाटते.

१९९३ च्या पेंटियमने रस्ता ६४ बिटांचा केला. ७२ पिनांची सिम ३२ बिटांची होती, तेव्हा दोन लागल्या. 'जोडी' आली ती अशी. त्याच दशकाच्या उत्तरार्धात ६४ बिटांची 'डिम' रूढ झाली आणि एकच पट्टी पुरू लागली. आपली क्षमता व वेग सांगणारी एक लहानशी चिपही तिच्यावर आली. जोडीचा नियम खरे तर येथेच संपायला हवा होता.

तो परतला निराळ्या कारणाने. प्रक्रियकाच्या मानाने स्मृती मंद पडू लागली, म्हणून दोन पट्ट्या एकाच वेळी वाचण्याची दुहेरी वाहिनी आली. २००३ मधील इंटेलच्या ८६५ आणि ८७५ या चिपसंचांवर तिच्यासाठी समान क्षमतेची जोडी लागे. ती नसली तर काम एकेरी वाहिनीने चाले. नंतरच्या अनेक फलकांनी यातूनही वाट काढली. ४ आणि ८ गिगाबाइटच्या पट्ट्या एकत्र लावल्या, तर दोहोंतील ४-४ गिगाबाइट दुहेरी वाहिनीने चालतात आणि उरलेले ४ एकेरीने. वेग वेगळे असतील तर सामान्यतः दोघी मंद पट्टीच्या वेगाने चालतात. पिढी वेगळी असेल, जसे डीडीआर३ आणि डीडीआर४, तर मात्र पट्टीवरची खाच खोबणीशी जुळतच नाही.

तेव्हा शाळेच्या संगणकात ४ गिगाबाइटची पट्टी असेल आणि त्याच पिढीची ८ ची मिळाली, तर फलकाची मर्यादा पाहून ती खुशाल शेजारी लावावी. स्मृती अपुरी पडून संगणक सारखा डिस्ककडे धावतो, तेव्हा वाया जाणाऱ्या वेळापुढे वाहिनीतली ही तूट किरकोळ आहे. २०२० मध्ये प्रमाणित झालेल्या डीडीआर५ मध्ये तर एकेका पट्टीतच ३२ बिटांच्या दोन स्वतंत्र उपवाहिन्या असतात.