मध, कच्चा (चेंबूर व मुंबई उपनगरे)

मध, कच्चा : पोळ्यातून काढल्यावर न तापवता, फार तर फडक्यातून गाळून बाटलीत भरलेला मध. चेंबूर स्टेशनच्या बाजारात, आयुर्वेदिक औषधांच्या दुकानांत आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप गटांवर तो ‘रॉ’, ‘जंगली’, ‘रानातला’, ‘ऑरगॅनिक’ अशा नावांनी विकला जातो. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या मानकांत ‘कच्चा’ अशी वेगळी प्रत नाही. तिथे कच्च्या आणि तापवलेल्या मधाला कसोट्या सारख्याच. बाटलीवरच्या या शब्दावरून मधावर काय केलेले नाही एवढेच कळते. मध कोणत्या माशीचा, कोणत्या महिन्यात काढलेला, पिकलेला होता की नाही, हे त्यावरून कळत नाही, आणि रोज घरात लागणारा मध घेताना दुकानदाराला विचारायचे ते हेच.

घटक : मधात साधारण ३८ टक्के फ्रुक्टोज, ३१ टक्के ग्लुकोज आणि १७ ते २० टक्के पाणी असते. उरलेल्या थोड्या भागात इतर शर्करा, सेंद्रिय आम्ले, विकरे, खनिजे आणि परागकण येतात. विकरे मुख्यतः माशीच्या डोक्यातल्या ग्रंथींतून येतात. त्यांतले ग्लुकोज ऑक्सिडेज ग्लुकोजपासून ग्लुकॉनिक आम्ल आणि अत्यल्प हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते. मधाची आंबटसर छटा आणि जंतूंना रोखण्याची शक्ती काही अंशी त्यामुळेच येते. कारखान्यात मध साधारण ६० ते ६५ अंश सेल्सियसपर्यंत तापवतात. त्याने यीस्ट मरते, बसलेले कण विरघळतात आणि मध महिनोन्‌महिने पातळ व चकचकीत राहतो. त्यासोबत विकरे दुबळी होतात आणि हायड्रॉक्सिमिथिल फरफ्युराल नावाचे संयुग वाढते. भारतीय मानकात त्याची मर्यादा किलोमागे ८० मिलिग्रॅम आहे. कच्च्या मधाच्या बाजूने जे खरे बोलता येते, ते मुख्यतः एवढेच.

तुर्भ्याचे भाभा अणुसंशोधन केंद्र चेंबूरकरांना अणुभट्ट्यांसाठी ठाऊक असते, पण तिथल्या अन्न तंत्रज्ञान विभागाने मधावरही काम केले आहे. भारतीय बाजारातल्या मधांचे भौतिक व रासायनिक गुण आणि त्यांतली ऑक्सिडीकरणरोधक द्रव्ये तपासणारा या विभागाचा निबंध २०१० मध्ये ‘फूड केमिस्ट्री’ या नियतकालिकात आला. गडद मधात अशी द्रव्ये सहसा जास्त असतात. काळपट मध म्हणजे जुना किंवा जळका, ही गिऱ्हाइकाची समजूत म्हणूनच टिकत नाही.

माश्या आणि फुले : महाराष्ट्रात मध मुख्यतः चार माश्यांकडून मिळतो. आग्या माशी कड्यावर, उंच झाडावर किंवा मुंबईत बाराव्या-पंधराव्या मजल्याच्या छज्जाखाली एकच मोठे उघडे पोळे लावते. तिला पेटीत पाळता येत नाही. सातेरी ही झाडाच्या ढोलीत, कपारीत राहणारी देशी माशी असून सह्याद्रीतल्या मधपेट्यांत हीच असते. फुलोरी लहान, तिचे पोळेही तळहाताएवढे, बाल्कनीतल्या वेलीवरसुद्धा दिसते. चौथी युरोपीय ‘मेलिफेरा’ माशी. सूर्यफूल, मोहरी, ओवा यांच्या शेतांत पेट्या फिरवून तिचा मध काढतात, आणि मोठ्या कंपन्यांच्या बाटल्यांत बहुतांशी हाच असतो.

उपनगरात ‘महाबळेश्वरचा मध’ या नावाला जो मान आहे, त्यामागे जांभूळ, हिरडा, गेळा यांची जंगले आणि सातेरीच्या पेट्या आहेत. राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय महाबळेश्वरलाच आहे, मंडळाचा मध ‘मधुबन’ नावाने विकला जातो, आणि मधपाळांची ‘मधुसागर’ ही सहकारी सोसायटीही तिथलीच. मे २०२२ मध्ये महाबळेश्वर तालुक्यातले मांघर हे देशातले पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. पाठोपाठ कोल्हापूर जिल्ह्यातल्या भुदरगड तालुक्यातले पाटगाव आले. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. ती ज्या खादी व ग्रामोद्योग आयोगाची, त्याचे मुख्यालय ‘ग्रामोदय’ विलेपार्ल्याच्या इर्ला रस्त्यावर, म्हणजे मुंबईच्या उपनगरातच.

जांभळाचा मध किंचित कडवट लागतो. कारवीचा गडद आणि दाट असतो आणि तो दरवर्षी मिळत नाही, कारण कारवी आठ वर्षांतून एकदा सामूहिक फुलते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात ती २००८, २०१६ आणि २०२४ साली फुलली. दरवर्षी ताजा ‘कारवीचा मध’ आणून देणाऱ्याला एवढी तारीख विचारली तरी पुरे. ‘नॅशनल पार्कमधला मध’ म्हणून विकणाऱ्याची गोष्ट वेगळी. राष्ट्रीय उद्यानातून विक्रीसाठी मध काढायला वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे, म्हणजे तो माल एकतर खोटा किंवा चोरीचा.

पाणी : कच्च्या मधाचे बरेवाईट पाण्यावर ठरते. फुलातला मकरंद पातळ असतो. माश्या तो पोळ्यात भरतात, पंखांनी वारा घालून आटवतात आणि पुरेसा आटला की घरावर मेणाची टोपी चढवतात. टोपी चढलेला तो पिकलेला मध. जाणता मधपाळ बहुतांश घरे बंद झाल्याशिवाय मधकोठीतल्या, म्हणजे पेटीतल्या मधाच्या कप्प्यातल्या, चौकटी बाहेर काढत नाही आणि काढल्यावर त्या मधयंत्रात फिरवतो, त्यामुळे पोळे शाबूत राहते आणि पिलाव्याला, म्हणजे अंडी-अळ्यांना, धक्का लागत नाही. रानात आग्याचे पोळे झाडताना हे सहसा जमत नाही. धूर करून अख्खे पोळे उतरवतात आणि हाताने पिळतात. त्यात पिकलेला मध, कच्चा मकरंद, पराग, अळ्या, सगळे एकत्र येते.

कायद्याची मर्यादा २० टक्के पाण्याची आहे. सातेरीचा आणि विशेषतः आग्याचा मध या रेषेच्या वर सहज जातो. रेषेच्या वर गेलेल्या मधात यीस्टला जगता येते आणि तो आंबू लागतो. त्यात मध हवेतले पाणी ओढून घेतो आणि चेंबूरच्या जुलै-ऑगस्टमधल्या हवेत ते भरपूर असते. सैल झाकणाची बाटली गणपतीपर्यंत फेसाळते, उघडताना फस्स आवाज करते, वास आंबूस येतो. ‘मध जिवंत आहे, म्हणून फेस येतो’ असे विक्रेता तेव्हा सांगतो. जिवंत आहे ते यीस्ट. असा मध चाखून निरोगी माणसाला सहसा मोठा अपाय होत नाही, पण त्यासाठी जास्तीचे पैसे मोजण्यात अर्थ नाही. प्रक्रिया केंद्रांवर मध मंदाग्नीवर तापवून पाणी कमी करतात ते याच कारणाने. संस्थेच्या मोहरेचा खात्रीचा मध म्हणूनच दरवेळी कच्चा असतोच असे नाही आणि पूर्ण कच्चा मध दरवेळी टिकतोच असे नाही. ज्याला कच्चाच हवा त्याने उन्हाळ्यात काढलेला, लहान बाटलीत, पावसाळ्याआधी संपेल एवढाच घ्यावा.

बाजार आणि भेसळ : पुलाखाली किंवा बाजाराच्या तोंडाशी बादली घेऊन बसलेला माणूस मुंबईकराच्या ओळखीचा आहे. बादलीवर पोळ्याचा तुकडा तरंगतो, वर दोन-चार मेलेल्या माश्या, आणि बाटली डोळ्यांदेखत भरली जाते. बादलीत बहुतेकदा गुळाचा किंवा साखरेचा पाक असतो. पोळ्याचा तुकडा मात्र खरा असतो, त्यामुळे फसवणूक पटते. आदिवासी संग्राहकांकडून नीट आलेला मध मुंबईत मिळत नाही असे नाही. कातकरी, ठाकर, महादेव कोळी, मेळघाटातले कोरकू यांच्यापैकी अनेकांना त्याचे ज्ञान पिढ्यांचे आहे. पण तो शोधायचा बचत गटांच्या प्रदर्शनांत आणि पावती देणाऱ्या संस्थांकडे.

बंद बाटलीनेही निर्धास्त राहू नये. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने २०१० मध्ये बाजारातल्या मधात प्रतिजैविकांचे अंश दाखवले होते. डिसेंबर २०२० मध्ये त्याच संस्थेने तेरा ब्रँड जर्मनीतल्या प्रयोगशाळेतल्या अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन (एनएमआर) चाचणीसह तपासून घेतले आणि त्यांतले केवळ तीन सगळ्या कसोट्यांना उतरल्याचे जाहीर केले. कंपन्यांनी ते निष्कर्ष नाकारले. देशांतर्गत कसोट्या चुकवता याव्यात म्हणून खास बनवलेला साखरेचा पाक वापरला जातो, हा संस्थेचा मुख्य आक्षेप होता. अमेरिकेला जाणाऱ्या भारतीय मधाला ही अनुस्पंदन चाचणी १ ऑगस्ट २०२० पासून सक्तीची झाली.

यावरून घरगुती परीक्षांची किंमत कळावी. पाण्यात थेंब तळाशी जातो का, काडेपेटीची काडी मधात बुडवून पेटते का, टिपकागद भिजतो का, कुत्रा तोंड लावतो का, मुंग्या येतात का : यांतली एकही भेसळ ओळखत नाही. दाट पाकही तळाशी जातो, आणि खरा पण पाणीदार मध टिपकागद भिजवतो. ‘खाली साखर बसली’ ही तक्रार तर बहुतेकदा उलटीच असते. ग्लुकोज जास्त असलेला मोहरीचा, सूर्यफुलाचा मध लवकर दाणेदार होतो, जांभळाचा बराच काळ पातळ राहतो. फ्रिजमध्ये ठेवला की दाणे आणखी लवकर धरतो. बाटली कोमट पाण्यात उभी केली की तो पुन्हा सैल होतो. गॅसवर ठेवू नये.

आरोग्य : सकाळी कोमट पाण्यात मध-लिंबू घेऊन चेंबूरच्या डायमंड गार्डनला फेऱ्या मारणाऱ्यांची संख्या मोठी आहे. वजन फेऱ्यांनी उतरते, मधाने नाही. चहाचा चमचाभर मध म्हणजे साधारण ७ ग्रॅम, त्यात सुमारे ६ ग्रॅम साखर आणि वीसेक कॅलरी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शनात मधातली साखर ‘मुक्त साखरे’तच मोजली आहे. तिचे प्रमाण एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांखाली आणि जमल्यास ५ टक्क्यांखाली, म्हणजे दिवसाला सुमारे २५ ग्रॅमच्या आत ठेवावे, असा सल्ला आहे. साखरेऐवजी मध घेतला तर चव बदलते आणि थोडी अन्य द्रव्ये मिळतात. साखर चालूच ठेवून वर मध घेतला तर साखरच वाढते. मधुमेह असलेल्याला मध निर्धोक नाही, तो कच्चा असला तरी.

मधाचा खरा उपयोग खोकल्यात दिसतो. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२० मध्ये चौदा अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा सर्दी-पडशाच्या खोकल्याची तीव्रता आणि वारंवारता मधाने कमी होते असे दिसले. ब्रिटनच्या मार्गदर्शक तत्त्वांतही साध्या खोकल्यासाठी मध सुचवला आहे. आजीने रात्री दिलेला आले-मधाचा चमचा इथवर बरोबर आहे. स्थानिक परागामुळे ॲलर्जी बरी होते, हा दावा मात्र अजून सिद्ध झालेला नाही.

आयुर्वेदात मध हे औषधही आहे आणि अनुपानही. सितोपलादी चूर्ण मधातून चाटवतात. सुश्रुताने मधाचे आठ प्रकार सांगितले आहेत. तापवलेला मध आणि समभाग तूप-मध वर्ज्य मानले आहेत. उकळत्या चहात मध घालू नये हा सल्ला त्या परंपरेतला असून चव व विकरे यांच्या दृष्टीनेही योग्य आहे. पण कोमट पाण्यातला मध विष होतो, ही भीती रसायनशास्त्राला मान्य नाही.

तान्ही बाळे : एका वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात देऊ नये, कच्चा नको आणि तापवलेलाही नको. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यांत ते निरुपद्रवी ठरतात, तान्ह्याच्या आतड्यांत मात्र रुजून विष तयार करतात. घरगुती तापवण्याने हे बीजाणू मरत नाहीत. हे मराठी घरात सांगणे सोपे नाही. जातकर्मात बाळाच्या जिभेवर सोन्याने मध-तूप लावण्याची रीत आहे आणि बाळगुटीही अनेकदा मधात उगाळतात. रीत पाळायचीच असेल तर मध देवापुढे ठेवावा, बाळाच्या तोंडात नाही. पंचामृताचा थेंबही याच नियमात बसतो. दूध, दही, तूप, मध, साखर हे मराठी पंचामृत आणि छेडानगरच्या मुरुगन मंदिराच्या परिसरातल्या तमिळ घरांना ओळखीचे पळणीचे केळी-गुळाचे पंचामृतम, दोन्हींत मध आहेच.

इमारतीवरचे पोळे : वर्षावृक्ष, गुलमोहर, शेवगा, नारळ यांच्या फुलोऱ्यामुळे चेंबूरमध्ये आग्याची पोळी दरवर्षी लागतात. सोसायटी कीटकनाशक फवारणाऱ्याला बोलावते, आणि पोळे पडल्यावर त्यातला मध वाटून घेण्याचा मोह होतो. फवारलेल्या पोळ्याचा मध खाऊ नये. आग्या मोसम संपला की बहुधा स्वतःहून जागा सोडते. थांबणे शक्य नसेल तर माश्या न मारता पोळे हलवणाऱ्यांना बोलवावे.

लेबल व तक्रार : बाटलीवर चौदा आकडी अन्न परवाना क्रमांक, उत्पादकाचा पत्ता, भरल्याची तारीख आणि शक्यतो ॲगमार्कची मोहर पाहावी. अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ४० प्रमाणे कोणताही ग्राहक शुल्क भरून विकत घेतलेला मध अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो आणि माल निकृष्ट निघाला तर शुल्क परत मिळते. मात्र तपासणीचा इरादा खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला सांगावा लागतो. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचे मुख्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे, तक्रार तिथे करता येते. पावतीशिवाय बादलीतून घेतलेल्या मधाला यांतले काहीच लागू करता येत नाही.